बातमीचं कूळ विचारणारे माझे साडू

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात जन्मलेली कुठलीही बातमी बंदरापर्यंत धडधाकट पोचू शकते, फक्त वाटेत तिला माझे साडू भेटता कामा नयेत. भेटले की ती संपली. इतर माणसांना बातमी ऐकून आनंद होतो, वाईट वाटतं, निदान हेवा तरी वाटतो. माझ्या साडूंना फक्त प्रश्न पडतो, "तुका ह्यां कोणी सांगल्यान?" सांगणारा उत्साहाने नाव घेतो. "आणि तेका?" सांगणारा जरा आठवून दुसरं नाव घेतो. "आणि तेका?" इथपर्यंत येताना सांगणाऱ्याचा उत्साह मावळलेला असतो, त्याला घरी काहीतरी काम आठवतं, आणि मघाशी टवटवीत असलेली बातमी उन्हात राहिलेल्या तारली मासळीसारखी मान टाकते. मग साडू चष्मा पुसतात आणि समाधानाने म्हणतात, "साखळी तुटली."

हा आजार त्यांना जन्मजात नाही, नोकरीत जडला. एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठात इस्लामी अभ्यासाचा विभाग आहे, तिथे त्यांनी जन्मभर शिकवलं. पैगंबरांची वचनं, म्हणजे हदीस, सुरुवातीला तोंडी चालत आली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मग त्यातलं खरं कुठलं आणि मागाहून कोणी चिकटवलेलं कुठलं, हे ठरवायला त्या जुन्या पंडितांनी वचनाच्या आधी माणसं तपासली. सांगणारा कुठल्या गावचा, त्याची आठवण कशी, बोलायला पक्का का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो तो आणि हा एका वेळी एका गावात होते तरी का. एक कडी कच्ची निघाली तर वचन कितीही गोड असो, ते बाजूला. हे शास्त्र साडूंनी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर पेन्शनीच्या कागदांबरोबर तेही वेंगुर्ल्याला घेऊन आले. विद्यापीठात ते हजार-बाराशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांना लावायचे. इथे आल्यावर जिवंत माणसं सापडली, त्यामुळे त्यांचा उत्साह दुणावला.

एकदा सकाळी आमच्या आळीत बातमी आली की शिरोड्याला रापणीच्या जाळ्यात सुरमई पडली आहे आणि निम्म्या भावाने चालली आहे. मी पिशवी घेऊन साडूंच्या दारात उभा. स्कूटर त्यांची, म्हणून त्यांना घेणं भाग होतं. ते एक पाय स्कूटरवर टाकून थांबले. "कोणी सांगल्यान?" मी म्हटलं, पानवाल्याने. पानवाल्याकडे गेलो. त्याने भाच्याचं नाव सांगितलं. भाच्याला फोन लावला, तर तो म्हणाला शिरोड्याचा एक रिक्षावाला बोलला. त्या रिक्षावाल्याचा शोध घेता कळलं की तो आदल्या दिवसापासून बांद्याला मेहुणीच्या लग्नात होता. साडूंचा चेहरा उजळला. "म्हणजे तो शिरोड्याक नव्हतोच! मगे तेणां बघल्यान कसां?" स्कूटरवरून उतरून त्यांनी मला घरात नेलं आणि भेट न झालेल्या माणसाकडून ऐकल्याचा दावा करणाऱ्या एका प्राचीन गृहस्थाची गोष्ट सांगितली. सुरमई खरोखरच आली होती. शेजाऱ्यांच्या घरातून तिच्या तळणीचा वास दुपारी दोन्ही घरांत येत होता, आणि आम्ही तुटलेल्या साखळीचा मान राखून वालीची भाजी खात होतो. "पण भाऊ, सुरमई आली होती ना!" मी कळवळून म्हटलं. ते म्हणाले, "आली आसतली. पण आपल्यापर्यंत पोचल्याचो पुरावो नाय."

ओळखीपाळखीच्या प्रत्येकाची त्यांनी प्रतवारी लावलेली आहे. त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, सर्वांत भरवशाची, पण तिच्या धाकट्या भावाचा विषय निघाल्यास तिची साक्ष घ्यायची नाही. माझी बायको सच्ची, पण दोघांशी झालेलं बोलणं एकाच्या तोंडी घालते. पानवाला विसराळू, तरी आठवत नसेल तर तसं सांगतो, म्हणून त्याला मान. आणि मी? मी 'मतरूक'. हा त्यांच्या शास्त्रातला शब्द. ज्याचं काहीही घेऊ नये, ज्याला सरळ टाकून द्यावं, तो मतरूक. मी शाळेत मराठीचा मास्तर होतो. गोष्ट सांगताना तिला फोडणी दिल्याशिवाय ती माझ्या हातून खाली उतरत नाही, हे अख्ख्या वेंगुर्ल्याला ठाऊक आहे, त्यामुळे या पदवीचं मला वाईट वाटलं नाही. फक्त ती कुठे जाहीर करावी याचा त्यांनी विचार करायला हवा होता. माझ्या मुलाचं लग्न ठरत असताना मुलीकडची मंडळी चौकशीला साडूंकडे गेली. "मुलगा कसा आहे?" असं त्यांनी विचारलं. साडूंनी जरा विचार केला आणि ऑफिसात बोलतात तशा स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "मुलगा उत्तम आहे, असं मला त्याच्या वडिलांनी सांगितलं. वडिलांचं काही घेण्यासारखं नसतं." लग्न तरीही झालं. सून मला आजही एखादी गोष्ट सांगितली की आधी सासूकडे बघते.

तर हे लिहिण्याचं कारण आता सांगतो. साडूंच्या बाबतीत ज्या गोष्टी बांद्यापासून शिरोड्यापर्यंत सांगितल्या जातात, त्यांतल्या निम्म्याअधिक माझ्या आहेत. मी रचल्या, मी पसरवल्या आणि लोक हसले तेव्हा मी सर्वांत मोठ्याने हसलो. आता वय झालं. त्यांतली खरी कुठली आणि माझी कुठली, हे जाहीर करून टाकणं भाग आहे. का भाग आहे, तेही येईलच पुढे.

घरोघरी अरबी अक्षर असलेली जी काही वस्तू सापडेल ती त्यांच्याकडे वाचायला नेतात, ही गोष्ट खरी. आखातातून मुलाने आणलेला एक कागद एका दुकानदाराने काचेत बसवून गल्ल्यावर टांगला होता आणि रोज त्याला उदबत्ती ओवाळत असे. साडूंनी वाचून सांगितलं की हे कपडे धुण्याच्या यंत्राचं हमीपत्र आहे. दुकानदार शरमून ते उतरवायला गेला, तर यांनीच हात धरला. "ऱ्हवांदे रे. अक्षर कितक्या सुरेख आसा बघ." कागद अजून तिथे आहे. हमीची मुदत संपली, उदबत्ती चालू आहे.

गाऱ्हाण्याची गोष्ट मी रचली असं लोकांना वाटतं. ती मात्र अक्षरशः खरी आहे. आमच्या सासुरवाडीच्या गावात देवळाच्या जत्रेला गावकराने देवासमोर गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणून साथ दिली. आमचे साडू हात जोडून शांत उभे होते. संपल्यावर ते सरळ गावकरापाशी गेले. "गावकरांनू, ह्यां तुमका कोणी शिकवल्यान?" आता भर जत्रेत मारामारी होणार म्हणून मी चपला शोधू लागलो. गावकर म्हणाला, बापाशीन. बापाला? आज्याने. आज्याला त्याच्या चुलत्याने, कारण बाप लवकर वारला होता. आणि त्या चुलत्याने? गावकर एकेक नाव घेत खाली उतरत गेला, कुठे अडखळला नाही, कोण कुणापाशी बसून शिकला आणि तेव्हा किती मोठा होता हेसुद्धा त्याला ठाऊक. साडूंच्या डोळ्यांना धारा लागल्या. "अखंड!" एवढंच म्हणून त्यांनी गावकराला मिठी मारली. तो बिचारा मिठीतून सुटल्यावर माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "तुमचो ह्यो जावय वायच येगळो आसा, पण देवाक मानणारो आसा." नंतर वर्षानुवर्षं गाऱ्हाण्याला साडूंना पुढच्या रांगेत जागा मिळत असे. मी मागच्या रांगेत.

त्यांच्या विभागाचीही तीच कथा, लोकांना रचलेली वाटते पण आहे खरी. लोक मला विचारतात की विद्यापीठात असा विभाग असतो तरी कशाला आणि तिथे काय करतात. तर सांगतो. वनस्पतिशास्त्राच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली, तिच्यात दोन कपाटं आणि एक गळका माठ, एवढ्यावर तो विभाग सुरू झाला. हैदराबादहून आलेले एक वयस्कर प्राध्यापक पहिले प्रमुख, त्यांना सगळे मोठे सर म्हणत. नंतर लखनौकडचे एक आले, ते धाकटे सर. साडू त्यांचे पहिल्या तुकडीतले विद्यार्थी आणि नंतर तिथलेच शिक्षक. तिथे अरबी आणि फारसी शिकवत, हदीस आणि कायद्याचा इतिहास शिकवत, दख्खनच्या सुलतानांची फर्मानं वाचत, आणि आपल्या किनाऱ्यावर जुन्या कबरींवर, मशिदींवर जे लेख आहेत ते उतरवून घेत. हे शेवटचं काम साडूंनी अंगावर घेतलं होतं. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकायचा, त्यावर शाई फिरवायची, की अक्षरांचा ठसा कागदावर येतो. सुट्टी लागली की विद्यार्थ्यांना घेऊन ते एस.टी.ने निघत. एका खाडीकाठच्या गावात निवडणुकीच्या दिवसांत ते असेच जुन्या कबरीवर कागद चिकटवत असताना वाटेने एक म्हातारी कोळंबीची टोपली घेऊन चालली होती. ती थांबली, कमरेवर हात ठेवून तिने सगळा प्रकार बघितला आणि कडाडली, "मेल्यांनू, जित्यांची मतां घेतलात ती पुरी नाय झाली? आता मेलेल्यांचीव व्हयी?" साडूंनी तिला बसवून सगळं समजावलं. कबरीतला माणूस जहाजांचा तांडेल होता, शेजारच्या बंदरातून तो मक्केला जाणारी गलबतं नेत असे, असं त्यावर लिहिलं होतं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि टोपलीतली मूठभर कोळंबी कागदात बांधून दिली. "दर्यावरचो मनीस तो. आमचोच मगे."

अरबीच्या पदविका वर्गाची गोष्ट मी थोडी वाढवली आहे, पण गाभा खरा. त्या वर्गाला पंडित व्हायला कोणी येत नसे. येत ते आखातात चाललेले प्लंबर, वायरमन आणि गवंडी. दुबईत दोन शब्द बोलता यावेत एवढीच त्यांची अपेक्षा. साडूंना मात्र जुन्या अरबी काव्याचं अपार प्रेम, त्यामुळे नळजोडणीच्या आधी वाळवंटातली कविता. आमच्या शिरोड्याचा एक वायरमन तिथून शिकून कुवेतला गेला आणि एका दुकानात वायर मागायला उभा राहिला. दुकानदार ऐकतच राहिला. समजा उद्या एखादा परदेशी आपल्या बाजारात येऊन ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत होल्डर मागू लागला तर जसं होईल, तसं त्याचं झालं. त्याने म्हणे दुकान अर्धवट बंद केलं, शेजाऱ्यांना बोलावलं आणि या पोराला खजूर खायला घालून पुन्हा पुन्हा वायर मागायला लावली. दुकानदार रडला, हे मी माझ्याकडून घातलं. तो रडला नव्हता. वायर मात्र त्याने खरंच फुकट दिली.

आणि दोन सरांचं भांडण. तेही खरं, आणि त्यात मला काही घालावं लागलं नाही. मोठे सर आणि धाकटे सर एकमेकांशी बोलत नसत. कारण? जमीन नव्हे, बढती नव्हे. बसऱ्याचा एक हदीस सांगणारा माणूस, हजार वर्षांहून आधी वारलेला, त्याची आठवण पक्की होती का कच्ची होती, यावरून. मोठे सर म्हणत पक्की. धाकटे सर म्हणत कच्ची. दोघांचीही टेबलं त्या लांबट खोलीत समोरासमोर, मध्ये गळका माठ आणि माठाशेजारी आमचे साडू. "धाकट्यांना सांगा, परीक्षेचे पेपर आले." "मोठ्यांना सांगा, मला दिसताहेत." बसऱ्याच्या त्या बिचाऱ्याला स्वप्नातही आलं नसेल की आपल्यापायी एवढ्या लांब दोन सज्जन माणसांचा चहा वेगळा झाला. साडू दोघांचे निरोप शब्दही न बदलता पोचवत. मी त्या जागी असतो तर आठवड्यात खून पडला असता.

आता माझ्या मुख्य खोट्याकडे येतो.

साडू या विभागात गेलेच कसे, असं लोक विचारत. आमच्याकडच्या घरातला मुलगा, भाऊ सगळे मुंबईत नोकरीला, आणि हा अरबी शिकायला? मी एका लग्नाच्या पंगतीत उत्तर दिलं. म्हटलं, तो वकिलीच्या प्रवेशाला गेला होता, चुकून शेजारच्या रांगेत उभा राहिला. खिडकीशी पोचल्यावर आतल्या म्हाताऱ्या सरांना एवढा आनंद झाला की याला नाही म्हणवेना. भिडेखातर अर्ज भरला, भिडेखातर पास झाला, भिडेखातर नोकरी केली आणि आता भिडेखातर पेन्शन घेतो. पंगत आडवी झाली. मी ती गोष्ट मग सगळीकडे सांगितली. तिला पाय फुटले, ती शहरात गेली, आणि विभागाच्या मोठ्या समारंभात प्रमुख पाहुण्यांनी ती व्यासपीठावरून खरी म्हणून सांगितली. सभागृह हसत होतं. साडू व्यासपीठावरच बसले होते, गळ्यात हार. भाषणाच्या मध्ये उठून पाहुण्याला "तुम्हाला हे कोणी सांगितलं" विचारणं त्यांच्यासारख्या माणसालाही जमलं नाही. जन्मभराच्या कामाची सभेत एवढीच ओळख झाली, की हा माणूस रांग चुकला.

गावी परत आल्यावर ते माझ्याकडे आले. चहा झाला. मग ते शांतपणे म्हणाले, "पाहुण्यांक कुलसचिवांनी सांगल्यानी. कुलसचिवांक एका प्राध्यापकान. तेका शिरोड्याच्या एका विद्यार्थ्यान. विद्यार्थ्याक तेच्या मामान. मामाक पंगतीत तू." त्यांनी कप खाली ठेवला. "मास्तर, सगळी साखळी पक्की आसा रे. एकव माणूस खोटो नाय. फकत उगमाक तू." आणि ते हसले. रागावले असते तर मी माफी मागितली असती. हसले, म्हणून मीही हसलो, आणि विषय तिथेच राहिला. ती माफी आजतागायत मागायची राहिली आहे.

खरं असं की ते कुठलीही रांग चुकले नव्हते. ते कॉलेजात असताना त्यांच्या घरामागच्या टेकडीवर एक जुनी कबर होती, तिच्यावर लेख होता. शेजारच्या मुसलमान घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे दिवा लावत. साडूंनी त्यांना विचारलं, काय लिहिलंय यावर? ते म्हणाले, आम्हालाही वाचता येत नाही. साडू म्हणाले, मग कुणीतरी शिकायला हवं. आणि गेले. एवढंच. या गोष्टीला पंगतीत कोण हसणार?

आता विभागाचं एका मोठ्या संकुलात विलीनीकरण व्हायचं ठरलं आहे. पाटी उतरेल, खोली वनस्पतिशास्त्राला जाईल. विभागाच्या आताच्या प्रमुख बाई साडूंच्याच विद्यार्थिनी. त्यांनी फोन केला, "सर, त्याआधी विभागाचा इतिहास सांगून ठेवा. सुरुवातीचे दिवस पाहिलेले आता तुम्ही एकटेच." साडू आनंदाने कामाला बसले. आणि त्याच सुमारास एका दुपारी जेवताना त्यांना ताटातल्या माशाचं नाव आठवेना. बांगडा होता. बांगड्याचं नाव विसरलेला माणूस किनाऱ्यावर आजवर कोणी पाहिलेला नाही. मग एकदा ते बाजारातून घराऐवजी मी कित्येक वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या जागेच्या दारात जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. साडूंनी मात्र आपल्या शास्त्रातला नियम काढला. म्हातारपणी ज्याच्या आठवणीत घोळ सुरू होतो, त्याने घोळाआधी सांगितलेलं घ्यावं, नंतरचं घेऊ नये. एका रविवारी व्हरांड्यात उभं राहून त्यांनी दोन्ही घरच्या माणसांना बोलावलं आणि जाहीर केलं, "आजपासून माझी साक्ष कोणी घेवची नाय."

मेव्हणी आमटीत घालायची सोलं निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मगे तुमी आमटी आळणी म्हणतास, तांव घेवचां नाय मा?"

"तां आधीपासूनचां आसा. तां घेवचां."

आम्ही खूप हसलो. पानवाला तर त्यांना रोज विचारी, आज कोणता वार, आणि ते गंभीरपणे सांगत, "माका विचारू नको, मी बाद." पण एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि दार लोटून बसले. हसत नव्हते.

"मास्तर, विभागाचो इतिहास मी आता सांगू शकणय नाय. माझांच माका पटाचां नाय. पण आधी, डोक्या शाबूत असताना, मी तो सगळो एका माणसाक सांगितलंय. बंदरावर फिराक जाताना."

"कोणाक?"

"तुका."

निवृत्तीनंतरच्या त्या सगळ्या संध्याकाळी खरोखरच ते बोलत आणि मी ऐकत असे, बहुतेक फोडणीसाठी काही मिळतं का या हेतूने. "अहो भाऊ, पण मी मतरूक!"

"तांच तर." ते बराच वेळ कपाळ चोळत राहिले. एका विभागाचा सगळा जन्म एका फोडणीवाल्याच्या डोक्यात ठेवलेला, हे बघून कुणाचंही कपाळ दुखलं असतं. "एक वाट आसा. नेहमीच्या बोलण्यात खोटां बोलणाऱ्यान तां उघड मागे घेतल्यान, तर तेचां फुडचां घेवचां, असां काही पंडित म्हणतत."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नको म्हणतत. पण त्यांका साडू नव्हतो."

म्हणून हे लिहिलं. रांगेची गोष्ट माझी, आणि ती खोटी. कुवेतचा दुकानदार रडला नाही. साडू वर्गात झोपत असत, असंही मी सांगत आलो, तेही खोटं. झोपत असे तो मी, माझ्या वर्गात. हे सगळं मी आधी पानवाल्याच्या दुकानापुढे उभं राहून मोठ्याने सांगितलं. लोकांना तो माझा नवा विनोद वाटला आणि ते पूर्वीपेक्षा जास्त हसले, त्याला माझा इलाज नाही. म्हणून आता छापून देतो आहे.

गेल्या महिन्यात प्रमुख बाई आल्या. त्यांनी मोबाइल टीपॉयवर ठेवला. साडू शेजारच्या खुर्चीत, तोंड बंद करून. मी बोलायला लागलो. खोली सांगितली, कपाटं सांगितली, माठ गळका होता तेवढाच गळवला. इतकं सपाट बोलताना जीभ नुसती शिवशिवत होती. दोन सरांच्या भांडणावर बाई हसल्या, आणि मला क्षणभर वाटलं की आता गोष्टीत एक थप्पड घालावी, कोणाला कळणार आहे? घातली नाही. मग शेवटचा भाग आला, आणि तो मी आजवर कधीच कुठे सांगितला नव्हता, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मोठे सर वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी विभागाला सुट्टी दिली नाही. धाकटे सर वर्गावर आले. बसऱ्याच्या त्या माणसाचाच पाठ होता. धाकट्या सरांनी पूर्ण तासभर मोठ्या सरांची बाजू मांडली. त्याची आठवण पक्की का होती, कोण कोण त्याच्या बाजूने साक्ष देतात, एकही मुद्दा सोडला नाही, आणि स्वतःचा एक शब्द विरोधात काढला नाही. घंटा झाली. खडू ठेवून ते म्हणाले, "आज एवढंच," आणि निघून गेले.

बाईंनी मोबाइल बंद केला, आमच्या दोघांच्याही पाया पडल्या आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाल्या. त्यांना रिक्षात बसवून मी परत आलो. साडू तसेच बसले होते. समोर पोफळींवर ऊन उतरत आलं होतं.

"धाकट्या सरांनी तसो तास घेतल्यानी?" त्यांनी विचारलं. "माका आठवणा नाय."

"घेतल्यानी."

"मी होतंय थंय?"

"पुढच्या बाकावर, मुलांत बसून. तुम्हीच सांगितलंत मला."

त्यांच्या चेहऱ्यावर, लहान मूल आपल्याच जन्माची हकीकत ऐकताना दिसतं, तसं काहीतरी होतं.

"खरां मा रे तां?"

"खरां, भाऊ."

त्यांनी मान हलवली. खुर्चीच्या हातावरचा माझा हात दोनदा थोपटला.

"बरां," ते म्हणाले. "मगे तां तुझ्याकडेच ठेव."